प्लॉट, फ्लॅट आणि दवाखान्याचं बिल: सोलापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुळे सोलापुरात माझं दहा बाय बाराचं ऑफिस आहे. प्लॉट-फ्लॅटची खरेदी-विक्री, भाडेकरार, उतारे काढून देणं, हे काम. लोक येतात, "विकायचंय" म्हणतात, भाव विचारतात, चहा घेतात. खरं कारण बहुतेकदा उठताना, दारात चप्पल घालताना कळतं: घरात कुणीतरी ॲडमिट आहे. त्या बोलण्यातून पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथं उतरवले आहेत. मी वकील नाही आणि सीएही नाही. सौदा मोठा असेल तर दोघांनाही एकदा कागद दाखवा.

आमचे तीन प्लॉट आहेत. मग मेडिक्लेम कशाला? वेळ आली तर एक विकू की.

हे मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. वेळ आली की प्लॉट विकला जात नाही, अडचण तीच आहे. दवाखान्याचं काउंटर डिपॉझिट आज संध्याकाळी मागतं. प्लॉटचा सौदा कसा चालतो ते तुम्हाला माहीत आहे: गिऱ्हाईक शोधा, जागा दाखवा, घासाघीस, इसार, सर्च रिपोर्ट, गिऱ्हाईक कर्ज काढणार असेल तर बँकेचं लीगल आणि व्हॅल्युएशन, मग खरेदीखत. सगळं सुरळीत गेलं तरी दीड-दोन महिने. मध्ये पितृपंधरवडा आला तर गिऱ्हाईक फोनसुद्धा उचलत नाही.

माझ्याच घरातलं सांगतो. वडिलांना मेंदूत रक्तस्राव झाला तेव्हा आमचा शेळगीला एक प्लॉट होता आणि बँकेत एक लाख दहा हजार रुपये. पहिल्या चार दिवसांतच डिपॉझिट, सीटी स्कॅन आणि औषधांत ते संपले. मी या धंद्यातला माणूस, गिऱ्हाइकांची वही खिशात, तरी टोकन हातात पडायला एकोणीस दिवस लागले. तोवर मेहुण्याकडून उसने घेतले, बायकोच्या पाटल्या गहाण टाकल्या. टोकन घेऊन पार्टी घरी आली तेव्हा वडिलांचा आठवा दिवस होता.

म्हणून मी सांगतो, तिसऱ्या प्लॉटचा इसार द्यायच्या आधी मेडिक्लेम घ्या आणि चार-सहा महिन्यांचा घरखर्च एफडीत ठेवा. यात माझी एक दलाली बुडते, ती बुडू दे.

घाईत विकलं तर नेमका किती फटका बसतो?

उदाहरण म्हणून आकडे मांडतो. दीड हजार चौरस फुटांचा बिनशेती प्लॉट, २०१४ मध्ये ५ लाखांना घेतलेला. सावकाश विकला तर १८ लाख येतील असं धरू.

सोलापूर मोठं असलं तरी बाजार लहान आहे, बातमी फुटते. एजंट गिऱ्हाइकाला सांगतो, "पार्टी अडलेली आहे, चोवीस तासांत टोकन टाका." अठराचा भाव साडेचौदावर येतो. साडेतीन लाख तिथंच गेले.

पुढं कर. प्लॉट २४ महिन्यांपेक्षा जास्त काळ तुमच्याकडे आहे, म्हणजे नफा दीर्घ मुदतीचा. २३ जुलै २०२४ पासून त्यावर १२.५ टक्के कर आहे आणि महागाई निर्देशांकाचा फायदा नाही. मात्र त्या तारखेआधी घेतलेली जमीन किंवा घर असेल, तर इथं राहणाऱ्या व्यक्तीला जुन्या पद्धतीनं, निर्देशांक लावून २० टक्क्यांनीही हिशेब करता येतो. जो कर कमी तो भरायचा. आपल्या उदाहरणात नफा ९.५ लाख, त्यावर १२.५ टक्क्यांनी १,१८,७५० रुपये. निर्देशांक लावून पाहू: २०१४-१५ चा २४० आणि २०२५-२६ चा ३७६. खरेदी सुमारे ७.८३ लाख धरली जाते, नफा ६.६७ लाख उरतो आणि २० टक्क्यांनी कर १,३३,००० च्या पुढे जातो. म्हणजे इथं साडेबाराच परवडतं. वर ४ टक्के सेस वेगळा.

खरी मेख रेडीरेकनरमध्ये, म्हणजे जागेच्या सरकारी दरात आहे. समजा सरकारी मूल्यांकनानं त्या प्लॉटची किंमत १७ लाख होते. तुम्ही विकला १४.५ ला. फरक १० टक्क्यांच्या वर गेला, की आयकर खातं विक्रीची किंमत १७ लाखच धरतं. नफा १२ लाख, कर दीड लाख आणि सेस. कधी हातातच न आलेल्या अडीच लाखांवरही कर. घेणाऱ्याच्या उत्पन्नातसुद्धा तो फरक धरला जातो, शिवाय मुद्रांक शुल्क त्याला १७ लाखांवरच भरावं लागतं. त्यामुळे जाणतं गिऱ्हाईक रेडीरेकनरच्या फार खाली कागद करायला राजी नसतं. 'बाजारभावच तेवढा होता' असं तुमचं म्हणणं असेल तर मूल्यांकन अधिकाऱ्याकडे प्रकरण पाठवायची मागणी करता येते. पण आजारपणात तो कागदांचा गठ्ठा कोण सांभाळणार?

उपचाराचा खर्च या नफ्यातून वजा होतो का?

नाही. बिलांची फाईल कितीही जाड असली तरी नाही.

कर वाचवायचे जे मार्ग आहेत ते सगळे पैसा पुन्हा गुंतवायला सांगतात. घर घ्या, नाहीतर सहा महिन्यांच्या आत ठरावीक सरकारी कंपन्यांच्या रोख्यांत ५० लाखांपर्यंत टाका. इथं तर पैसा दवाखान्यात गेलेला. एक दिलासा आहे. विकणाऱ्याचं दुसरं उत्पन्न फारसं नसेल, म्हणजे घरी बसलेले वडील किंवा आई, तर मूळ करमुक्त मर्यादेतला न वापरलेला भाग या नफ्यासमोर लावता येतो. म्हणून प्लॉट कुणाच्या नावावर आहे ते आधी बघा.

शेतजमिनीचं गणित वेगळं. २०११ च्या जनगणनेत सोलापूर शहराची लोकसंख्या ९.५१ लाख होती. १ ते १० लाखांच्या शहरासाठी नियम असा की महापालिका हद्दीपासून सरळ अंतरानं ६ किलोमीटरच्या पलीकडची शेतजमीन भांडवली मालमत्ता धरली जात नाही, त्यामुळे तिच्या विक्रीवर हा कर नाही. मात्र दुसऱ्या एखाद्या नगरपालिकेच्या टप्प्यात ती येत नाही ना, तेही मोजून घ्या. दोन मालमत्तांतून एक काढायची वेळ आली तर हा फरक लाखांत जातो.

विकण्याआधी काय काय करून पाहावं?

पहिलं म्हणजे 'ती योजना गरिबांची आहे' हा समज सोडा. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजना १ जुलै २०२४ पासून महाराष्ट्रातल्या सगळ्या कुटुंबांना लागू आहे, पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांनाही. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. दोन फ्लॅटचा मालक म्हणून कुणी तुम्हाला हाकलणार नाही. अट एवढीच की दवाखाना योजनेत असला पाहिजे आणि तो उपचार यादीत पाहिजे. ॲडमिट होतानाच आरोग्यमित्राच्या, म्हणजे दवाखान्यात बसणाऱ्या योजनेच्या माणसाच्या, टेबलावर जा. बिल भरून मग योजनेकडे पैसे मागितले तर मिळत नाहीत, ही योजना कॅशलेस आहे. होटगी रोडला तीन दुकानं असलेल्या एका गृहस्थांनी लाजेनं विचारलंच नाही आणि पत्नीच्या हृदयाच्या ऑपरेशनचे पैसे पदरचे भरले. रेशनकार्ड घरात लोखंडी कपाटात होतं.

घरात सत्तरी ओलांडलेलं कुणी असेल तर ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं. उत्पन्नाची अट नाही, ५ लाखांचं संरक्षण, खासगी मेडिक्लेम असला तरी चालतं. कार्ड आत्ताच काढून ठेवा. आजी व्हीलचेअरवर असताना आधारच्या ओटीपीसाठी धावाधाव कशाला?

मग सोनं. आपल्याकडे सोनेतारणाला कमीपणा मानतात आणि प्लॉट पडेल भावात विकायला मानत नाहीत, हे मला कधी समजलेलं नाही. सोनेतारण त्याच दिवशी होतं, व्याज महिन्याचं महिन्याला दिसतं आणि प्लॉट सावकाश विकून सोनं सोडवता येतं. त्यानंतर एफडीवरचं कर्ज, विमा पॉलिसीवरचं कर्ज, चालू गृहकर्जावर टॉपअप. खासगी सावकाराकडे कोरा चेक आणि मूळ खरेदीखत ठेवून पैसे घेणं हा मार्ग मी यादीत धरतच नाही.

प्लॉट तारण ठेवून बँकेचं कर्ज लगेच मिळतं का?

मिळतं, लगेच नाही. माझ्या पाहण्यात पंधरा दिवस ते महिना. बँक पूर्ण किमतीएवढं देत नाही, निम्म्याच्या थोडं वर धरा. मोकळ्या प्लॉटपेक्षा बांधलेल्या घरावर लवकर देते. आणि उत्पन्न बघते. कमावता माणूसच खाटेवर असेल तर तिथंच गाडी अडते.

गुंठेवारीचा, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्यानं पाडलेला, प्लॉट असेल तर आणखी अवघड. शहराच्या कडेला कितीतरी जणांनी नोटरीवर, स्टॅम्पपेपरवर गुंठे घेतलेले आहेत. २००१ चा गुंठेवारी कायदा आहे, २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला नियमित करायची सोय झाली. पण ते करून घेतलेलं नसेल तर राष्ट्रीयीकृत बँक त्या कागदाला हात लावत नाही. स्वस्त पडला म्हणून घेतलेला प्लॉट अडचणीच्या दिवशी नुसती माती असतो.

कर्ज आधीच चालू असेल आणि आजारपणात हप्ते थकायला लागले असतील, तर बँकेला तोंड चुकवू नका. ९० दिवस थकलं की खातं एनपीए, म्हणजे थकीत, ठरतं. त्यानंतर सरफेसी या बँकांच्या वसुली कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस येते आणि मग ताब्याची भाषा सुरू होते. पहिला हप्ता चुकायच्या आधीच डिस्चार्ज कार्ड जोडून मुदत वाढवून मागा. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.

मालक आयसीयूत आहे. सही कशी करायची?

शुद्धीवर असेल आणि व्यवहार समजत असेल तर दुय्यम निबंधकांकडे गृहभेटीचा अर्ज करता येतो. नोंदणी कायद्यातच ही सोय आहे: आजारी माणसाच्या घरी किंवा दवाखान्यात येऊन दस्त नोंदवतात, त्याची वेगळी फी असते. रुग्ण शुद्धीवर आहे, त्याला समजतंय असा डॉक्टरांचा दाखला जवळ ठेवा.

अशी एक नोंदणी मी पाहिली आहे. साठीतले गृहस्थ, किडनीचा आजार, खाटेवर उशीला टेकून बसवलेले. कार्यालयातला माणूस लॅपटॉप, कॅमेरा आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन आला. सलाईननं बोटं सुजलेली. अंगठा तीनदा टेकवला, यंत्र घेईना. मुलीनं ओल्या रुमालानं तो पुसला, फुंकर घातली, चौथ्यांदा घेतला. "दस्त तुमच्या मर्जीनं करताय ना?" असं विचारल्यावर ते म्हणाले, "मर्जीनं कसलं, पण हो." तो माणूस थोडा थांबला आणि त्यानं फक्त 'हो' टाईप केलं.

शुद्ध नसेल तर मात्र सही होत नाही, अंगठाही नाही. बेशुद्ध माणसाचा अंगठा शाई लावून कागदावर उठवणं हा गुन्हा आहे, आणि असला दस्त पुढं कोर्टात टिकत नाही.

आधीच कुलमुखत्यारपत्र करून ठेवलं की प्रश्न मिटला, ना?

अर्धाच. मालक शुद्धीवर आहे, पण चालता-फिरता येत नाही, पुण्याला उपचार चालू आहेत, अशा वेळी नोंदणीकृत मुखत्यारपत्राचा फार उपयोग होतो. पण देणारा माणूस वारला किंवा त्याचं भान कायमचं गेलं की साधं मुखत्यारपत्र कायद्यानं संपतं. नेमकी जेव्हा सगळ्यात जास्त गरज असते तेव्हाच.

कोमातल्या माणसाची मालमत्ता विकायची तर उच्च न्यायालयाकडून पालक नेमून घ्यावा लागतो. पूर्वी त्यासाठी मुंबई गाठावी लागायची. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं आहे आणि सोलापूर जिल्हा त्याच्या कक्षेत आहे. फेऱ्या कमी झाल्या, पण वेळ जातोच. नवरा-बायकोनं पहिल्यापासून जागा दोघांच्या नावावर घ्यावी असं मी सांगतो, तेव्हा लोक महिलांच्या मुद्रांक सवलतीचा हिशेब करत बसतात. मला त्यापेक्षा 'कुणी एक आडवा पडला तर दुसऱ्याला बँकेत उभं करतील का' हा हिशेब महत्त्वाचा वाटतो. संयुक्त नाव असलं तरी आजाऱ्याचा हिस्सा परस्पर विकता येत नाही, हे खरं. पण भाडं वसूल करणं, सोसायटीची कामं, आपल्या हिश्श्यापुरते निर्णय हे तरी अडत नाहीत. आणि भाड्याचं खाते जॉइंट ठेवा, 'दोघांपैकी कुणीही' या पद्धतीचं.

जमीन वडिलोपार्जित आहे. आईच्या उपचाराला विकायची. बहिणींची सही लागेल का?

घ्याच. हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत कर्त्याला 'कायदेशीर गरज' असेल तर विकायचा अधिकार आहे आणि घरातल्या माणसाचा औषधोपचार ही अशी गरज मानली जाते. हे तत्त्व पार १८५६ च्या प्रिव्ही कौन्सिलच्या (ब्रिटिश काळातलं सर्वात वरचं न्यायालय) निकालापासून चालत आलं आहे. पण गरज होती का, हे दाखवायची जबाबदारी घेणाऱ्यावर येते. २००५ च्या दुरुस्तीनं मुलींना जन्मानं हक्क मिळाला आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो आणखी स्पष्ट केला. त्यामुळे शहाणं गिऱ्हाईक बहिणींच्या सह्यांशिवाय टोकनच देत नाही.

खरेदीखतात उपचाराचा उल्लेख करा: कोण आजारी, कुठला दवाखाना, किती खर्च. पैसे थेट दवाखान्याच्या खात्यात गेले असतील तर त्याची पावती जोडा. अक्कलकोट तालुक्यातल्या एका घरात आईसाठी तीन एकर विकली, आई बरी झाली, आणि चार वर्षांनी धाकट्या बहिणीनं दावा लावला. भावानं तिला विचारलंच नव्हतं. "विचारलं असतं तर मीच सही दिली असती," असं ती म्हणायची, आणि मला ते खरं वाटलं.

अडलेल्या माणसाची जागा स्वस्तात मिळतेय. घ्यावी का?

तुमचं तुम्ही ठरवा. मी दोनच गोष्टी सांगतो.

घाईतल्या सौद्यात चूक घेणाऱ्याकडून जास्त होते. टायटल न तपासता टोकन टाकतो, मग वारस निघतात, पतसंस्थेचा बोजा निघतो. तीस वर्षांचा सर्च, फेरफार, सहहिस्सेदारांच्या सह्या आणि विकणारा शुद्धीवर असल्याचा पुरावा, यातलं काहीही 'नंतर बघू' म्हणून सोडू नका.

दुसरी गोष्ट भावाची. तीन लाख पाडून घेण्यापेक्षा एक लाख कमी करा आणि इसार मोठा, त्याच दिवशी, थेट दवाखान्याच्या खात्यात द्या. विकणाऱ्याला जास्त पैशापेक्षा वेळेवर पैसा हवा असतो. असे केलेले सौदे माझ्याकडे परत कधी भांडायला आलेले नाहीत.

रोख द्या म्हणतात, दवाखान्यात लगेच भरायचेत.

नको. जागेच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर ती स्वीकारणाऱ्याला, म्हणजे विकणाऱ्याला, तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. दवाखान्यालाही २ लाख किंवा जास्त रोख घेता येत नाही. आरटीजीएस अर्ध्या तासात जातं. आणि किंमत ५० लाख किंवा वर असेल तर खरेदीदारानं १ टक्का टीडीएस कापायचा असतो, तो गडबडीत विसरू नका.

भाडेकरूच्या घरी आजारपण आहे, चार महिन्यांचं भाडं थकलंय.

लीव्ह अँड लायसन्स (मुदतीचा भाडेकरार) नोंदवलेलं असेल तर तुमची बाजू भक्कम आहे. मुदत संपल्यावर जागा सोडली नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं. नोंदवलेलं नसेल तर आधी स्वतःची चूक मान्य करा, कारण भाडे नियंत्रण कायदा १९९९ नुसार नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे.

पण कायद्याआधी एकदा घरी जाऊन या. अशोक चौकाच्या मागं माझ्या एका पक्षकाराची खोली होती, भाडेकरू टॉवेलच्या कारखान्यात कामाला, बायकोचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस. माणूस भाडं बुडवणारा नव्हता, रजा पडून पडून पगारच निम्मा येत होता. डिपॉझिटमधून तीन महिने वळते केले, भाडं सहा महिन्यांसाठी कमी केलं, साध्या कागदावर दोघांच्या सह्या घेतल्या. तो अजून तिथंच आहे. पाणी तोडणं, कुलूप लावणं असलं काही करू नका. नळाला आधीच काही दिवसांआड पाणी येतं, त्यात तुमची भर नको.

डॉक्टरांना, लॅबला जागा भाड्यानं द्यायची आहे. चांगलं का?

भाडं चांगलं आणि वेळेवर मिळतं, हे मी मान्य करतो. सोलापूर हे उपचाराचं गाव आहे. धाराशिव, तुळजापूर, इकडून इंडी, विजापूर, कलबुर्गीकडचे पेशंट इथं येतात. त्यामुळे दवाखान्यांच्या आसपास मेडिकल, लॅब, नातेवाइकांसाठी खोल्या, नर्सिंगच्या मुलींसाठी फ्लॅट यांना मागणी कायम असते. शहरातले सगळ्यात मोठे गुंतवणूकदारही डॉक्टरच, ही बाब वेगळी.

कटकटी कुठल्या ते आधी ऐका. राहत्या फ्लॅटचा दवाखाना करायचा तर सोसायटीची संमती आणि महापालिकेची वापर बदलाची परवानगी हवी. मालमत्ता कर बिगरनिवासी दरानं येतो, वीजमीटर व्यावसायिक होतो. खाटा ठेवायच्या असतील तर १९४९ च्या नर्सिंग होम कायद्याखाली नोंदणी आणि अग्निशमनाचा दाखला लागतो. जानेवारी २०२१ च्या भंडाऱ्याच्या आगीनंतर त्याची विचारणा वाढली, वाढायलाच हवी होती. सोनोग्राफी मशीन असेल तर गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखाली नोंदणी त्या पत्त्याची असते. भाडेकरू गेला आणि नोंदणी तशीच राहिली तर चौकशीची पत्रं तुमच्या दारात येतात, करार संपताना ती रद्द केल्याचा कागद घ्या. जैववैद्यकीय कचरा कोण उचलतो, त्याचा करार बघा. जिन्याखाली पिवळ्या पिशव्या साठायला लागल्या की वरच्या मजल्यावरचे तुमचे दुसरे भाडेकरू आधी जातात.

फ्लॅट बुक केलाय, आजारपणामुळे हप्ते जमणार नाहीत.

फक्त अलॉटमेंट लेटर झालं असेल तर लवकर बोला. महारेराच्या (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणारं सरकारी प्राधिकरण) नमुना अलॉटमेंट लेटरमध्ये पहिल्या १५ दिवसांत रद्द केलं तर कपात नाही, १६ ते ३० दिवसांत फ्लॅटच्या किमतीच्या १ टक्का, ३१ ते ६० मध्ये दीड टक्का आणि त्यानंतर २ टक्के. नोंदणीकृत करार झाला असेल तर करारातली कलमं चालतात. अशा वेळी रद्द करण्यापेक्षा हक्क दुसऱ्याला विकणं बरं पडतं. बिल्डरकडून घेतलेला फ्लॅट गुंतवणूकदारानं तीन वर्षांच्या आत पुढं विकला तर आधी भरलेल्या मुद्रांक शुल्काची वजावट नव्या दस्तात मिळते. २०२२ आधी ही मुदत एकच वर्ष होती.

सगळं मुलांच्या नावावर करून टाकू का? पुढं माझं काही झालं तर…

राहतं घर मुला-मुलीला बक्षीस द्यायला महाराष्ट्रात मुद्रांक २०० रुपये आहे (स्थानिक अधिभार आणि नोंदणी फी वेगळी), म्हणून लोक पटकन करतात. थांबा. घर दिल्यावर तुमच्या उपचाराला ते तारण ठेवायचं की नाही, हे मुलगा ठरवणार आणि बऱ्याचदा सून. देणारच असाल तर दस्तात स्पष्ट लिहा की सांभाळ आणि औषधपाणी करायच्या अटीवर दिलं आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात अशी अट मोडली तर प्रांताकडच्या न्यायाधिकरणात दस्त रद्द करून मागता येतो. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही असा दस्त रद्द करून घर आईला परत दिलं. सगळ्यात साधं म्हणजे मृत्युपत्र करा आणि मालक तुम्हीच राहा.

घर आहे, पेन्शन नाही. रिव्हर्स मॉर्गेज?

यात घर बँकेकडे तारण ठेवायचं, पैसे बँक तुम्हाला देते आणि तुम्ही त्याच घरात राहता. साठी ओलांडलेल्यांसाठी, स्वतः राहत असलेल्या घरावर. राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेनं २००७ मध्ये ही योजना आणली. उपचारासाठी मंजूर रकमेच्या निम्म्यापर्यंत, जास्तीत जास्त १५ लाख, एकरकमी मिळू शकतात. भाड्यानं दिलेल्या फ्लॅटवर मिळत नाही. आपल्याकडे बँका याला फारशा उत्सुक नसतात आणि मुलं तर त्याहून नसतात.

वय ६२, शुगर आहे. आता मेडिक्लेम कोण देणार?

२०२४ पासून कंपन्यांना वयाचं कारण सांगून दार बंद करता येत नाही. जुन्या आजारासाठीची वाट जास्तीत जास्त तीन वर्षांची, आधी चार होती. पॉलिसी सलग पाच वर्षं चालली की लपवाछपवीचं कारण काढून दावा नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तरच. म्हणून शुगर, बीपी फॉर्मवर लिहाच. एजंट "नको लिहू" म्हणाला तर एजंट बदला. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला आहे. हप्ता तरीही जड वाटेल. एका दुकानाचं भाडं त्यासाठी बाजूला काढा, निदान मी तसंच करतो.

विकायचं पक्कं झालं. आधी काय काढावं?

ज्याचा कागद सगळ्यात स्वच्छ आणि भाडं सगळ्यात कमी, ते. मोकळा एनए (बिनशेती) प्लॉट असेल तर तोच. भाडं देणारं दुकान शेवटी, कारण घरी आणल्यावरही औषधं, फिजिओथेरपी, रात्रीची आया हा खर्च महिनोन्‌महिने चालतो आणि त्याला महिन्याचा पैसाच लागतो. राहतं घर यादीत घेऊ नका.

एकाच एजंटला सांगा, चौघांना सांगितलं की भाव चौघांकडून पडतो. कारण विचारलं तर "दुसरीकडे गुंतवायचंय" म्हणा. नवा उतारा, कराची पावती, मूळ खरेदीखत, आधार, पॅन एका पिशवीत तयार ठेवा. आणि दस्ताच्या दिवशी रुग्णाजवळ बसायला कुणाला तरी सांगून ठेवा. नोंदणी कार्यालयातला सर्व्हर बंद पडला तर अख्खा दिवस तिथंच जातो.